दिवाळींतील किल्ला

नीरेच्या कांठीं, पुणें-सातारा रस्त्यावर वसलेल्या सारोळ्याच्या आसमंतांत इतिहास कोठेंही दूर नाहीं. उत्तरेस पुरंदर, पश्चिमेस भोरजवळचा रोहिडा आणि त्यापलीकडे वेल्ह्याच्या डोंगरांत राजगड व तोरणा. अशा मुलखांतील मुलांनीं दिवाळींत अंगणामध्यें मातीचा किल्ला उभारावा, यांत नवल तें काय? परंतु वडील माणसें समजतात तितका हा खेळ क्षुल्लक नाहीं.

साहित्य अगदीं साधें: दगडविटांचा ढीग, चिखलांत बुडविलेलें गोणपाट, वर चाळलेली माती आणि हळीव. थोड्याच दिवसांत हळीव उगवून डोंगर हिरवा होतो. खरी परीक्षा रचनेची. राजगड करावयाचा तर एक शिखर पुरत नाहीं. मध्यें बालेकिल्ला आणि भोंवतीं पद्मावती, सुवेळा व संजीवनी या तीन माच्या उठवाव्या लागतात. संजीवनीची चिंचोळी सोंड थापतांना मूल विचारतें, "बाबा, येथें दोन भिंती कशाला?" बाहेरचा तट पडला तरी आंत दुसरा उभा असावा, हें उत्तर मग त्यास पाठ करावें लागत नाहीं. गडावर पाणी कोठून येणार, असें बापानें विचारतांच पद्मावतीचा तलाव खणला जातो.

मुरुंबदेवाच्या डोंगरावर शिवाजीमहाराजांनीं हा गड बांधिला व सुमारें २५ वर्षें येथूनच राज्य चालविलें. १६६५ च्या पुरंदरच्या तहांत २३ किल्ले द्यावे लागले, १२ राहिले. त्या बारांत राजगड होता. १६६६ सालीं आग्र्याहून निसटल्यावर महाराज येथेंच परतले. आठ दिवस खपून ज्यानें एक तट उभा केला, त्या मुलास तेवीस किल्ले सोडणें म्हणजे काय, हें निराळ्या रीतीनें कळतें.

२०२५ सालीं युनेस्कोनें मराठ्यांच्या १२ किल्ल्यांस जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यांतहि राजगड आहे. हा गौरव आनंदाचा खरा. पण त्याच सुमारास बाजारांतून तयार किल्ला आणण्याची सोयहि वाढली आहे. दुसरीकडे, स्पर्धेच्या हौसेनें बापच सगळा गड रचतो आणि मूल बादली धरून उभें राहतें. दोहोंत तोटा एकच आहे. बुरूज वांकडा झाला तरी चालेल. तो मुलाच्या हातचा असावा, आणि बापानें शेजारीं बसून चिखल कालवावा व विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर द्यावें. तें ठाऊक नसेल, तर पुढच्या सुटींत दोघांनीं मिळून गड चढावा.