वळणावरचं वंगण

वर्ध्याजवळच्या नालवाडीला रूळ नवे नाहीत. मुंबईहून निघालेला ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग 1867 साली वर्ध्यावरून नागपूरला पोहोचला आणि इथल्या कापसाला मुंबईची वाट खुली झाली. वऱ्हाडचं सपाट रान ओलांडणं सोपं होतं. कसोटी लागायची ती इगतपुरी-कसाऱ्याच्या थळ घाटात. 1865 मध्ये खुल्या झालेल्या या घाटाचा चढ 37 फुटांना एक फूट, वर वळणावळणांची वाट.

वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला रेटली जाते. चाकाची कड बाहेरच्या रुळाच्या आतल्या अंगाला घासते, लोखंड करकरतं, रूळ झिजतो.

त्यावर उपाय वंगणाचा. रुळांची देखभाल करणारे गँगमन हाताने ग्राफाइटयुक्त ग्रीस रुळाच्या आतल्या अंगाला लावत. पुढे रुळाशेजारी वंगणयंत्रं आली: ग्रीसची टाकी, पंप आणि रुळाला चिकटून बसवलेली पट्टी. जाणाऱ्या चाकाच्या दाबाने पंप चालतो, ग्रीस चाकाच्या कडेला लागतं आणि चाकंच ते वळणभर पुढे नेतात. म्हणूनच पहिलं यंत्र वळणाच्या थोडं अलीकडे बसवतात.

ग्रीस रुळाच्या माथ्यावर मात्र चढता कामा नये. तसं झालं तर इंजिनाची चाकं घसरतात, ब्रेकची पकड सुटते. त्यामुळे टाकी भरणं, तुंबलेली भोकं मोकळी करणं, सांडलेलं पुसणं हे काम नेमाने करावं लागतं.

ब्रॉडगेजवर 600 मीटर किंवा त्याहून कमी त्रिज्येच्या वळणांवर असं वंगण द्यावं, असं भारतीय रेल्वेची नियमपुस्तिका सांगते.