तुरुंगाची झडती घेणारा माणूस कोणी नेमायचा?

१/ इ.स. १७७३. इंग्लंडमधील बेडफर्डशायरचा नवा शेरीफ जॉन हॉवर्ड आपल्या अखत्यारीतील तुरुंग पाहावयास गेला. न्यायालयाने निर्दोष ठरवलेली माणसेही तेथे अडकून पडली होती. जेलरला पगार नव्हता, कैद्यांकडून मिळणारी फी हेच त्याचे उत्पन्न. फी भरता आली नाही, की सुटका नाही.

२/ हॉवर्डने देशभरचे तुरुंग पालथे घातले आणि १७७७ मध्ये आपली निरीक्षणे ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. तुरुंगात बाहेरच्या माणसाची नजर पोहोचली पाहिजे, हा विचार तेथून रुजत गेला. १८३५ च्या कायद्याने सरकारी तुरुंग निरीक्षक आले. त्यांचे अहवाल संसदेपुढे येऊ लागले.

३/ पुढे मात्र चक्र उलटे फिरले. १८७७ च्या कायद्याने स्थानिक तुरुंग केंद्रीय मंडळाच्या ताब्यात गेले आणि निरीक्षक त्याच मंडळाचे साहाय्यक झाले. १९६३ मध्ये हे मंडळही गृहखात्यात विलीन झाले. कारभार खात्याचा आणि तपासणीही खात्याचीच!

४/ १९७० च्या दशकात तुरुंगांत असंतोष धुमसू लागला. न्यायमूर्ती मे यांच्या समितीने १९७९ मध्ये शिफारस केली, की तपासणी यंत्रणा तुरुंग विभागापासून वेगळी असावी. १९८१ मध्ये मुख्य तुरुंग निरीक्षकाचे पद सुरू झाले आणि १९८२ च्या कायद्याने त्याला वैधानिक आधार मिळाला.

५/ या पदाचे सामर्थ्य मोठे विलक्षण आहे. निरीक्षक पूर्वसूचना न देता तुरुंगात जाऊ शकतो, कैद्यांशी बोलू शकतो, अहवाल देऊ शकतो. पण एकही आदेश देऊ शकत नाही. त्याचे शस्त्र एकच : निर्भीड शब्द. म्हणून त्या खुर्चीवर कोण बसतो, यावर सारे अवलंबून.

६/ १९८७ मध्ये न्यायाधीश स्टीफन ट्युमिम यांची नेमणूक झाली. कोठडीत शौचालय नाही, रात्रभर बादली आणि सकाळी ती रिकामी करण्यासाठी रांग, ही प्रथा त्यांनी चव्हाट्यावर आणली. एप्रिल १९९० मध्ये मँचेस्टरच्या स्ट्रेंजवेज तुरुंगात उठाव झाला, तो २५ दिवस चालला. त्यानंतरच्या वुल्फ चौकशीत ट्युमिम सहभागी होते.

७/ १९९५ मध्ये निवृत्त जनरल डेव्हिड रॅम्सबॉटम आले. लष्करी शिस्तीचा हा माणूस सरकारला अडचणीत आणणार नाही, असे कोणाला वाटले असेल, तर तो भ्रम त्याच डिसेंबरात फिटला. लंडनच्या हॉलोवे महिला तुरुंगातील घाण पाहून ते तपासणी अर्धवट टाकून पथकासह बाहेर पडले. त्या निषेधाची बातमी देशभर गेली.

८/ आता कळीचा मुद्दा. तुरुंग मंत्र्याच्या खात्याचे, निरीक्षक नेमणारा मंत्रीच आणि मुदतवाढ देणाराही तोच. २०१४ च्या अखेरीस मुख्य निरीक्षक निक हार्डविक यांना सांगण्यात आले, की मुदत संपल्यावर पदाची जाहिरात निघेल, हवे असल्यास पुन्हा अर्ज करा. त्यांनी नकार दिला. ज्याच्याकडे नोकरी मागायची, त्याच्यापासून स्वतंत्र कसे राहायचे, हा त्यांचा रोखठोक प्रश्न होता.

९/ त्यांच्या जागी २०१६ मध्ये माजी पोलीस अधिकारी पीटर क्लार्क आले. नेमणुकीपूर्वी संसदेच्या न्यायविषयक समितीने त्यांची उलटतपासणी घेतली. समितीचे मत मंत्र्यावर बंधनकारक नसते. तरीही उमेदवाराला साऱ्यांसमक्ष उत्तरे द्यावी लागतात, हे थोडके नव्हे.

१०/ २०१७ पासून आणखी एक आयुध मिळाले. तुरुंगाची अवस्था अतिगंभीर असेल, तर निरीक्षक तातडीची सूचना जाहीर करतो आणि मंत्र्याला २८ दिवसांत जाहीर उत्तर द्यावे लागते. २०१८ मध्ये बर्मिंगहॅमच्या खासगी तुरुंगाबाबत अशी सूचना निघाली आणि सरकारला त्याचा कारभार हाती घ्यावा लागला.

११/ न्यायाधीश, जनरल, पोलीस अधिकारी. पेशे भिन्न, पण खुर्चीची कसोटी एकच : नेमणाऱ्याला न आवडणारे सत्य लिहिता येते का? तुरुंगाची खरी अवस्था जेलरला विचारून कळत नाही, हे हॉवर्डने अडीचशे वर्षांपूर्वी ओळखले होते. जेलरच्या धन्यानेच झडती घेणारा निवडायचा, तर त्या निवडीवर पहारा कोणाचा? मित्रहो, हा प्रश्न कोणत्याही देशातल्या तपासणी संस्थेला विचारून पाहा.