खिंडीने जिंकलेला वाद : सायकलच्या गिअरची कहाणी

१/ टूर द फ्रान्स ही जगातील सर्वांत प्रसिद्ध सायकल शर्यत. साखळी एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या यंत्रणेला, म्हणजे डिरेलरला, या शर्यतीत १९३७ पर्यंत मज्जाव होता. भटकंतीसाठी सायकल चालवणारे सामान्य प्रवासी मात्र त्याआधी कित्येक वर्षे गिअर वापरत होते. शर्यतपटू मागे आणि प्रवासी पुढे, असे का घडले? (थ्रेड)

२/ उत्तराची सुरुवात भूगोलापासून करावी लागते. नदी हजारो वर्षे डोंगर कापत आपला उतार सौम्य करत जाते. म्हणून नदीकाठचा रस्ता सायकलस्वाराला मानवतो. पण एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात जायचे असेल, तर मधला जलविभाजक ओलांडावा लागतो. तिथे घाट लागतो, आणि तिथेच बिनगिअरच्या सायकलची कसोटी लागते.

३/ हा भूगोल फ्रान्समधील साँ-एत्येन या शहराच्या नशिबी पुरेपूर आला आहे. पश्चिमेला लोआर नदी, जी अटलांटिकला मिळते. पूर्वेला ऱ्होन, जी भूमध्य समुद्राला मिळते. मध्ये पिला पर्वतराजी. कोळसा, बंदुका आणि रेशमी फिती यांसाठी हे शहर प्रसिद्ध होते. युरोपच्या मुख्य भूमीवर फ्रान्समधला पहिला लोहमार्ग १८२७ मध्ये इथूनच सुरू झाला.

४/ बंदुकीची नळी घडवणाऱ्या कारागिरांना सायकलचे सुटे भाग घडवणे अवघड नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस साँ-एत्येन फ्रेंच सायकल उद्योगाचे एक माहेरघर बनले. याच शहरात पॉल द विवी नावाचा एक रेशीमव्यापारी राहत होता. जन्म १८५३, प्रोव्हान्समधील पेर्न गावचा. १८८१ मध्ये त्याने पहिली सायकल घेतली आणि तिच्यावर त्याचा जीव जडला.

५/ १८८७ मध्ये त्याने रेशमाचा धंदा विकला, सायकलचे दुकान थाटले आणि एक नियतकालिक काढले. पुढे ते ‘ल सिक्लिस्त’ या नावाने ओळखले जाऊ लागले. त्यात तो ‘वेलोसिओ’ या टोपणनावाने लिहीत असे. इतिहासात तो याच नावाने उरला आहे. फ्रेंच सायकल-पर्यटनाचा जनक म्हणून त्याचा उल्लेख होतो.

६/ साँ-एत्येनहून दक्षिणेकडे निघालेला रस्ता ‘कोल द ला रेप्युब्लिक’ या ११६१ मीटर उंचीच्या खिंडीत चढतो आणि पुढे ऱ्होनच्या खोऱ्याकडे उतरतो. वेलोसिओची ही नेहमीची वाट. शहर सोडल्यावर सुमारे बारा किलोमीटर सलग चढण, म्हणजे जवळजवळ सहाशे मीटरची उंची. त्या काळच्या सायकलला गिअर एकच असे.

७/ येथे थोडे गणित पाहू. पायडलजवळच्या चक्राला ४४ दाते आणि मागच्या चक्राला १६ असतील, तर पायडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक पावणेतीन वेळा फिरते आणि सायकल साधारण ५.८ मीटर पुढे जाते. सपाटीवर हे उत्तम. चढणीवर मात्र गुडघे जाब विचारतात. मागचे चक्र २२ दात्यांचे असेल, तर त्याच फेऱ्यात सायकल ४.२ मीटरच जाते. वेग घटतो, पण पायांवरचा भार हलका होतो.

८/ गिअर घाट लहान करत नाही. तो एका मोठ्या कष्टाचे अनेक लहान कष्टांत वाटप करतो. वेलोसिओच्या ध्यानात हेच आले. त्याने पुढे एकाऐवजी दोन चक्रे बसवली. घाटाच्या पायथ्याशी उतरायचे, हाताने साखळी लहान चक्रावर चढवायची, माथ्यावर पुन्हा उतरून मोठ्यावर. एक गिअर नदीसाठी, दुसरा खिंडीसाठी.

९/ पुढच्या वर्षांत साँ-एत्येनच्या लहान कारखान्यांतून नाना प्रकारच्या यंत्रणा निघाल्या. ‘डिरेलर’ या फ्रेंच शब्दाचा मूळ अर्थ रुळावरून उतरवणारा. येथे रूळ म्हणजे दातेरी चक्र. नवी यंत्रणा आली की वेलोसिओ ती घेऊन डोंगरात जाई आणि अनुभव आपल्या नियतकालिकात मांडी. प्रयोगशाळा म्हणजे रस्ता, आणि परीक्षक म्हणजे स्वतःचे पाय.

१०/ विरोधही मातब्बर माणसाचा होता. आँरी देग्रांज हा स्वतः नावाजलेला सायकलपटू. १८९३ मध्ये त्याने एका तासात ३५.३२५ किलोमीटर अंतर कापून विक्रम केला होता. पुढे ‘लोतो’ या क्रीडा दैनिकाचा संपादक म्हणून १९०३ मध्ये त्याने टूर द फ्रान्स सुरू केली. त्या पहिल्याच वर्षी शर्यतीची वाट वेलोसिओच्या खिंडीतून गेली.

११/ १९०२ मध्ये गिअरच्या सायकलींची डोंगरात चाचणी झाली, तेव्हा देग्रांजने आपले मत लिहून ठेवले. त्याचा आशय असा : गिअर पंचेचाळिशी उलटलेल्यांनी खुशाल वापरावा, तरुणाने विजय स्नायूंच्या बळावर मिळवावा, यंत्राच्या नव्हे. हे मत उडवून लावण्याजोगे नाही. खेळात माणूस जिंकला की यंत्र, हा प्रश्न आजही सुटलेला नाही.

१२/ मात्र दोघांच्या वादाचे मूळ निराळे होते. देग्रांजपुढचा प्रश्न होता : सर्वांत बलवान कोण? वेलोसिओपुढचा प्रश्न होता : डोंगरापलीकडे कोणाकोणाला जाता येईल? पहिल्या प्रश्नासाठी घाट कठीण राहणे आवश्यक. दुसऱ्यासाठी तो चाळिशीच्या कारकुनाला, स्त्रीला, बेताच्या ताकदीच्या माणसालाही चढता येणे आवश्यक.

१३/ टूरचे स्पर्धक पुढची तीन दशके मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळी चक्रे लावून फिरले. घाट आला की उतरायचे, चाक काढून उलटे बसवायचे आणि पुन्हा स्वार व्हायचे. १९१० मध्ये शर्यत उंच पिरेनीजमध्ये गेली, १९११ मध्ये उंच आल्प्समध्ये. नियम तोच राहिला.

१४/ वेलोसिओ शाकाहारी होता आणि एस्परान्तो या जागतिक भाषेचा पुरस्कर्ता. रात्रभर सायकल चालवत तो ऱ्होनच्या काठाने आपल्या प्रोव्हान्सकडे जाई. नव्या प्रवाशांसाठी त्याने काही नियम घालून दिले. भूक लागण्याआधी खावे, तहान लागण्याआधी प्यावे, आणि केवळ दिमाखासाठी कधीही पायडल मारू नये, असा त्यांतील काहींचा आशय. १९३० मध्ये साँ-एत्येनमध्ये ट्रामच्या धडकेने त्याचा अंत झाला.

१५/ १९३६ मध्ये फ्रान्समधील आघाडी सरकारने कामगारांना दोन आठवड्यांच्या भरपगारी रजेचा हक्क दिला. त्या उन्हाळ्यात असंख्य कामगार सायकली व जोडसायकली घेऊन घराबाहेर पडले. कित्येकांची ती आयुष्यातली पहिली सुट्टी. डोंगर आता निवडक बलवंतांचा उरला नव्हता. त्याच वर्षी आजारपणामुळे देग्रांजने टूरची सूत्रे सोडली.

१६/ १९३७ मध्ये टूरने डिरेलरला परवानगी दिली आणि त्या वर्षीचा विजेता रोजे लापेबी गिअरच्या सायकलवरूनच जिंकला. शर्यत अखेर प्रवाशांच्या वाटेवर आली. वेलोसिओला जाऊन तेव्हा सात वर्षे झाली होती.

१७/ त्याच्या सन्मानार्थ १९२२ पासून साँ-एत्येनहून त्या खिंडीपर्यंत सायकलस्वारांचा मेळा चढू लागला. माथ्यावर आज त्याचे स्मारक आहे. खाली खोऱ्यात जिनिव्हा सरोवरापासून भूमध्य समुद्रापर्यंत ‘व्हियाऱ्होना’ हा सुमारे ८१५ किलोमीटरचा सायकलमार्ग झाला आहे.

१८/ या परंपरेचा एक धागा आपल्यापर्यंतही पोहोचतो. पुण्या-मुंबईचे सायकलस्वार ज्या दोनशे किलोमीटरच्या ‘ब्रेव्हे’ मोहिमा साडेतेरा तासांच्या मुदतीत पुऱ्या करतात, त्यांना पॅरिसच्या एका जुन्या क्लबाची मान्यता लागते. तिथे पहिला-दुसरा क्रमांक नसतो. वेळेत पोहोचणारा प्रत्येक जण यशस्वी. सह्याद्रीच्या घाटात लहान गिअर टाकताना संकोच वाटला, तर साँ-एत्येनचा तो रेशीमव्यापारी जरूर आठवावा.

(थ्रेड समाप्त)