पिसवेच्या डोळ्याजवळचा केस

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईतल्या मांडवी भागात गाठीच्या तापाची साथ सुरू झाली. हा प्लेग आहे, असं निदान डॉ. अकाशियो व्हिएगस यांनी केलं. पुढच्या वर्षी पुण्यात रँडच्या अमलाखाली गोऱ्या सोजिरांनी घरोघर झडत्या घेतल्या, भिंतींना चुना फासला, सामानसुमान जाळलं. मार्च १८९७ मध्ये रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले याच रोगानं गेल्या. हा इतिहास आपल्याला ठाऊक असतो. मला आज बोलायचं आहे ते त्यातल्या एका दुर्लक्षित पात्राबद्दल. त्याची लांबी जेमतेम दोन-तीन मिलिमीटर. ते पात्र म्हणजे पिसू.

घरात उंदीर पडायला लागले की गाव सोडायचं, हे लोकांना अनुभवानं कळलं होतं. पण उंदराचा रोग माणसाकडे येतो कसा? १८९८ मध्ये पॉल-लुई सीमाँ या फ्रेंच डॉक्टरनं कराचीत प्रयोग केला आणि पिसवेकडे बोट दाखवलं. त्याच्यावर फारसा कुणी विश्वास ठेवला नाही. १९०० मध्ये लोझानच्या गाल्ली-व्हालेरिओ यांनी आक्षेप घेतला, की उंदरावरच्या पिसवा माणसाला चावतच नाहीत. आक्षेप बिनबुडाचा नव्हता. युरोपातल्या उंदरांवरच्या पिसवा माणसाच्या वाटेला सहसा जात नसत. प्रश्न एवढाच होता, की मुंबईच्या उंदरावरची पिसू तीच होती का?

आता पिसू ओळखायची कशी? नुसत्या डोळ्यांना सगळ्या सारख्याच. त्यासाठी पिसू आधी कॉस्टिक पोटॅशमध्ये भिजत ठेवतात. आतला मऊ भाग विरघळतो आणि शरीर पारदर्शक होतं. मग अल्कोहोलनं तिच्यातलं पाणी काढायचं, लवंगेच्या तेलात बुडवायची आणि कॅनडा बाल्समचा थेंब घालून काचपट्टीवर बसवायची. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, की तिची ओळख पटायला लागते.

युरोपातल्या उंदराच्या पिसवेला डोक्यामागे काळ्या काट्यांची फणी असते. मुंबईच्या पिसवेला फणी नाही. पण माणसावरच्या पिसवेलाही फणी नसते. मग या दोघींत फरक कसा करायचा? डोळ्याजवळ एक राठ केस असतो. माणसाच्या पिसवेत तो डोळ्याच्या खाली असतो, उंदराच्या या पिसवेत डोळ्याच्या पुढे. शिवाय हिच्या छातीच्या मधल्या भागावर, बाजूला, एक उभी जाड काडी दिसते. माणसाच्या पिसवेला ती नसते. एक फणी, एक केस, एक काडी. ओळख पटवायला एवढं पुरेसं होतं.

या पिसवेचं शास्त्रीय वर्णन १९०३ मध्ये चार्ल्स रॉथशिल्ड यांनी केलं. हा गृहस्थ पेशानं बँकवाला, पण जगभरच्या पिसवा जमवणारा. हिचे नमुने त्यांना सुदानमध्ये नाईलकाठच्या शेंडी या गावी मिळाले होते. पिरॅमिड बांधणाऱ्या किऑप्स राजाच्या नावावरून त्यांनी तिला ‘चिओपिस’ म्हटलं. इकडे मुंबईत डॉ. ग्लेन लिस्टन यांनी पाहिलं, की उंदीर मेले की त्यांच्यावरच्या पिसवा दुसरं सावज शोधतात आणि ते सावज माणूसही असू शकतो. त्यांचा लेख १९०५ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आला. त्याच वर्षी नेमलेल्या प्लेग संशोधन आयोगानं परळच्या प्रयोगशाळेत ही गोष्ट पक्की केली. प्लेगच्या घरांत गिनीपिग सोडले, तर त्यांच्या अंगावर उंदरांच्या पिसवा गोळा होत.

पण गोष्ट इथे संपली नाही. मुंबई, पुणे, पंजाब प्लेगनं होरपळले, मद्रास शहर मात्र बरंचसं बचावलं. उंदीर तर तिथेही होते, पिसवाही होत्या. १९११ मध्ये रॉथशिल्ड यांनीच ‘ॲस्टिया’ ही चिओपिसची जुळी शोभावी अशी जात वेगळी काढली. इथे केस आणि काडी पाहून भागत नाही. मादीच्या पोटात नराचं वीर्य साठवणारी एक चिमुकली पिशवी असते. तिचं डोकं आणि शेपूट यांच्या आकारावरून दोन्ही जाती ओळखू येतात. कोलंबोच्या हर्स्ट यांनी १९१४ च्या सुमारास आपल्याकडच्या पिसवा या कसोटीवर तपासल्या, तर त्या ॲस्टिया निघाल्या. पुढे क्रॅग यांनी हिंदुस्थानातल्या पिसवांच्या प्रसाराचा अभ्यास केला. मद्रासेत ॲस्टियाचं प्राबल्य होतं आणि प्लेग पसरवण्यात ती चिओपिसपेक्षा बरीच दुबळी. तोवर दोघींना एकच नाव देऊन मोजल्यानं ही फारकत दिसलीच नव्हती.

पहिल्या वीस-पंचवीस वर्षांत प्लेगनं आपल्या देशात १ कोटीहून अधिक माणसं नेली. त्या काळात कुणी केस आणि पिशव्या बघत बसलं असेल, तर तो रिकामटेकडा उद्योग वाटणं साहजिक होतं. मला वाटतं, रोगाचा माग लागला तो या उद्योगामुळेच. कुठली पिसू मारायची हे कळल्याशिवाय नुसता चुना फासून काय होणार?

१९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावी आणि पाठोपाठ सुरतेला प्लेगच्या बातम्या आल्या, तेव्हा पुन्हा उंदीर पकडून पिसवा तपासाव्या लागल्या. एका उंदरामागे चिओपिस सरासरी किती, हा आकडा एकाच्या वर गेला की धोका समजतात. उंदरावरच्या सगळ्याच पिसवा मोजल्या, तर या आकड्याला अर्थ राहत नाही. त्यातल्या चिओपिस कोणत्या, हे सांगायला आजही सूक्ष्मदर्शकावर वाकलेला एक जाणता माणूस लागतो.