दगडाचा गवंडी, विटेचा गवंडी

पुण्यात शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यासमोर उभे राहिले की नजर आधी दारावरच्या अणकुचीदार खिळ्यांकडे जाते. पण बांधकामाचा इतिहास वाचायचा तर बाजूचे बुरूज पाहावेत. खाली काळा दगड, वर वीट.

थोरल्या बाजीरावांनी 1730 साली वाड्याचा पाया घातला, 1732 मध्ये वास्तुशांत झाली. दगडी वास्तूचा मान फक्त छत्रपतींचा, म्हणून पेशव्यांना वर वीट वापरावी लागली, अशी आख्यायिका आहे. पण त्यावाचूनही या बांधणीचा अर्थ लागतो. काळा दगड फारसे पाणी शोषत नाही, वीट शोषते. म्हणून जमिनीलगत दगड हवा. वर वजन हलके हवे आणि दगड चढवण्याचे कष्टही वाचायला हवेत, म्हणून वीट. पुण्यातले कितीतरी जुने वाडे असेच आहेत: दगडी जोते आणि वर लाकडी सांगाड्यात विटा.

दोन्ही कामे गवंडीकामच, पण हात वेगळा लागतो. वडाराने खाणीत फोडलेला आणि पाथरवटाने टाकीने घडवलेला दगड गवंड्यापुढे येतो, तेव्हाही प्रत्येकाची खोली आणि वजन निराळे असते. कोणता दगड कोणत्या अंगावर बसेल हे त्यालाच ठरवावे लागते. जाड भिंतीला दोन दर्शनी बाजू असतात, मधली पोकळी दगडगोटे आणि चुन्याने भरतात. आत खोलवर जाणारे लांब दगड ठिकठिकाणी घातले नाहीत, तर काही पावसाळ्यांनी भिंतीला पोट सुटते.

विटेचा आकार साच्यातच ठरलेला असतो. ती एका हातात मावते, म्हणून कामाला वेग येतो. कसब लागते ते वीट भिजवून घेण्यात, सांध्यावर सांधा न येऊ देण्यात, ओळंबा आणि दोरी सांभाळण्यात.

कोकणातला चिरा मात्र या दोहोंच्या मधला. आहे जांभा दगड, पण खाणीतूनच मापात कापून येतो आणि विटेसारखा थर लावून रचला जातो. म्हणजे खरा फरक मालापेक्षा या गोष्टीत आहे की आकाराचा निर्णय भिंतीपाशी होतो की त्याआधीच.

1828 च्या आगीत शनिवारवाड्याच्या लाकडी इमारती जळाल्या. जोती आणि तट उरले. असे तट, वाडे, घाट दुरुस्तीला निघतात तेव्हा जुन्या चुन्याच्या सांध्यांवर अनेकदा सिमेंट थापले जाते, ओल आत कोंडते आणि भिंत आणखी बिघडते. अशा कामासाठी चुना जाणणारा, दगड बसवणारा गवंडीच शोधावा आणि त्याला त्याच्या कसबाचा दाम द्यावा.