पदकाच्या कडेवरचा नंबर

पहाटेचे चार वाजलेत. मार्केट यार्डाच्या भाजी विभागात पाय ठेवायला जागा नाही. पुरंदर, जुन्नर, खेडकडून आलेल्या गाड्या खाली होतायत, ओली मेथी आणि डिझेल यांचा एकत्र वास येतोय. डोक्यावर कोबीचं पोतं घेतलेला हमाल "ए, बाजू, बाजू!" म्हणत तुमच्या खांद्याला घासून पुढे जातो. तुम्ही त्याला वाट देता. तुमच्या आजोबांचा अख्खा जन्म याच कामात गेला.

तुमच्या खिशात रुमालात गुंडाळलेला चांदीचा एक गोल तुकडा आहे. साताऱ्याकडच्या घराची पडवी उतरवली तेव्हा पत्र्याच्या पेटीत, फेरफाराच्या पिवळ्या उताऱ्याखाली तो निघाला. एका बाजूला पंचम जॉर्ज राजाचं तोंड. दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला उघडा पुरुष, घोड्याच्या टापांखाली गरुडाची ढाल आणि मढ्याची कवटी, कडेने १९१४ आणि १९१८. घरात त्याला 'बिल्ला' म्हणत. आजी एवढंच सांगायची, की तुझ्या पणज्याचा आहे, जर्मनच्या लढाईतला.

चहाच्या टपरीवर एक तात्या भेटतात. चाळीस वर्षं भुसारात हमाली केलेले, गाव खटाव तालुक्यातलं. ते तुकडा हातात घेतात, तोंडाकडे बघतच नाहीत, उभा धरतात.

"कडंला काय लिवलंय बघा की पाव्हणं. आमच्या आज्याचा व्हता आसला. आज्जीनं आटवून माझ्या बापाला वाळं केलं."

मोबाइलचा उजेड तिरपा पाडा. कडेवर ज्वारीच्या दाण्याएवढी इंग्रजी अक्षरं ठोकलेली आहेत. आधी एक नंबर, मग 'सिपॉय', मग नाव, स्पेलिंग चुकलेलं, आणि शेवटी '११७ मराठाज्'. शंभर वर्षं घरात पडलेल्या चांदीवर तुमच्या पणजोबांचा पत्ता लिहिलेला होता आणि तुम्ही फक्त राजाचं तोंड बघत होता.

त्या नंबरावर बोट ठेवा आणि मागे चला.

गाळे जातात, ट्रक जातात. गुलटेकडीला बाजारच नाही. १९५६ साल आहे आणि भुसार बाजार नाना पेठ, भवानी पेठेत भरतोय. गल्ली बैलगाड्यांनी तुंबलेली. तुमचे आजोबा विशीतले आहेत, पाठीवर अडीच मणांचं पोतं, हातात आकडी. पोतं उतरलं की पैसे, नाही उतरलं तर उपास. बाबा आढाव नावाचा पंचविशीतला डॉक्टर या हमालांना एकत्र करतोय. हमाल पंचायत उभी राहतेय. माथाडी कायदा यायला अजून तेरा वर्षं आहेत. थांबून आजोबांना विचारा, "तुमचे वडील या पेठेत कसे आले?" ते घाम पुसतात. "लढाईवरनं आलं आन् गावात काय ऱ्हायलंच न्हवतं," म्हणतात आणि पुढच्या पोत्याला आकडी लावतात.

आणखी मागे. १९१९ चा उन्हाळा सरलाय. गावात गेल्या साली आलेल्या मानमोडीच्या साथीने आणि त्याच सालच्या दुष्काळाने घरं बसवली आहेत. पणजोबा पाच वर्षांनी दारात उभे राहतात तेव्हा आई गेलेली, बैल विकलेले, आणि बायको त्यांना क्षणभर ओळखत नाही. गावाकडे ते टिकत नाहीत. पुण्याचा रस्ता धरतात, नाना पेठेत गाववाल्याच्या खोलीत वळकटी टाकतात. रात्री पोरं मागे लागतात, लढाईची गोष्ट सांगा म्हणून. 'बसरा' हा शब्द येईपर्यंत ते बोलतात, पुढे बोलत नाहीत.

ते बोलले नाहीत, म्हणून तिथं तुम्हालाच जायला हवं.

एप्रिल १९१६. तैग्रिस नदीच्या वळणात कूत-अल-अमारा नावाचं मातीच्या घरांचं गाव. तुम्ही खंदकात बसला आहात आणि खंदकाच्या तळाशी पुराचं पाणी अजून वाळलेलं नाही. शेजारी तीन मराठा पलटणींचे लोक आहेत : १०३, ११० आणि ११७. दख्खनी मराठे, कोकणी मराठे, दख्खनी मुसलमान. फौजेचं नाव सहावी पूना डिव्हिजन. मेसोपोटेमियाच्या चिखलात पुण्याचं नाव लावून हे सगळे अडकलेत, ७ डिसेंबर १९१५ पासून.

इथवर कसे आले, हे हवालदार सांगतो. बसरा सहज पडलं, मग अमारा, मग कूत. साहेबांना बगदाद दिसू लागलं. नोव्हेंबरात टेसिफोनला, जुन्या इराणी बादशहांच्या पडक्या कमानीच्या सावलीत, चार हजारांहून जास्त माणसं मेली किंवा जायबंदी झाली. जखमींना स्प्रिंग नसलेल्या गाड्यांत टाकून मागे हटले ते इथं, आणि तुर्कांनी बाहेरून दार लावलं.

आता दिवसाला मिळतं ते मूठभर जवाचं पीठ. हिरड्यांतून रक्त येतंय. माणसं नदीकाठचं गवत उपटून शिजवतायत. मांस आहे, पण घोड्याचं आणि खेचराचं. गोऱ्या पलटणी ते कधीपासून खातायत. आपली माणसं महिनोन् महिने हात लावत नाहीत. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून बिनतारी संदेश मागवलेत, की खाल्लं तर दोष नाही. संदेश वाचून दाखवतात तेव्हा तुमच्या शेजारचा पोऱ्या ऐकून घेतो. मग म्हणतो :

"साह्यबाला काय जातंय सांगायला. घोडं खाल्लं म्हंजी गावात पंगतीला कोण घिईल? बहिणीचं लगीन कुठं जमंल?"

हा पोऱ्या तुमचा पणजोबा. बावीस-तेवीस वर्षांचा. गालफडं बसलेली, डोळे मात्र तुमच्या वडिलांचे. एप्रिल अर्धा सरतो तेव्हा बहुतेक जण मांस खायला लागतात. तोही खातो. त्यानंतर तो तुमच्याकडे बघत नाही. गावी परतल्यावर त्याने ही गोष्ट का सांगितली नाही, हे समजायला आता दुसरा कागद लागत नाही.

डोक्यावर विमान घरघरतं. वेढ्यातल्या फौजेला आकाशातून अन्न टाकायचा हा जगातला पहिला मोठा प्रयत्न. पिठाच्या गोण्या पडतात, दळायला दगडी तळी पडतात. काही गोण्या नदीत जातात, काही तुर्कांच्या बाजूला. २४ एप्रिलच्या रात्री 'जुलनार' नावाची आगबोट २७० टन धान्य घेऊन अंधारातून निघते. नदीत आडव्या ताणलेल्या तारेत अडकते, काठाला लागते, संपते. हे धान्य कूतच्या इतकं जवळ आलेलं असतं की गोळीबार तुम्हाला इथून ऐकू येतो. बाहेरून वेढा फोडायला आलेल्या फौजेची तोवर तेवीस हजारांच्या आसपास माणसं कामी आली किंवा जखमी झाली आहेत.

२९ एप्रिलला, जवळजवळ पाच महिन्यांच्या वेढ्यानंतर, पांढरं निशाण लागतं. सुमारे तेरा हजार माणसं कैद होतात. शुमरानच्या तळावर तुर्क कडक बिस्किटं वाटतात. भुकेल्या पोटी ती खाऊन कित्येक जण तिथंच मरतात. मग वाट : बगदाद, समारा, तिक्रित, मोसुल, तिथून वाळवंटातून रास-अल-ऐन. पायात बूट नाहीत. मागे पडला त्याला रायफलचा दस्ता. हिंदी कैद्यांना रास-अल-ऐनला बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपतात, माती उपसायला, गिट्टी वाहायला, रूळ टाकायला. पणजोबा तिथं दोन वर्षं ओझी वाहतात. नाना पेठेतलं पहिलं पोतं त्यांना जड का वाटलं नसेल, हे तुम्हाला आता कळतं.

त्यांचा सेनापती मेजर जनरल टाउनशेंड यांना तुर्कांनी इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगला दिला. कैदेत असतानाच १९१७ मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांना 'सर' केलं. कैदेत हजारो शिपाई मेले असताना दिलेला हा मान मला आजही सहन होत नाही.

अजून एक मुक्काम बाकी आहे. ऑक्टोबर १९१४. मुंबईच्या गोदीत आगबोट उभी आहे. जूनमध्ये टिळक मंडालेहून सुटून पुण्याला आलेत, आणि ऑगस्टमध्ये त्यांनीसुद्धा या लढाईत सरकारला साथ द्या असंच लिहिलंय. पण तुमचे पणजोबा काही वाचून भरती झालेले नाहीत. महिना अकरा रुपये पगार मिळतो आणि शेतात पाऊस पडत नाही. तुम्ही कारकुनाच्या मागे उभे राहा. टेबलावर भरतीचा कागद आहे : नाव, बापाचं नाव, जात, गाव, तालुका, जिल्हा, उंची, ओळखीची खूण. तो पोऱ्या शाईत अंगठा बुडवतो आणि कागदावर टेकवतो. वाचून घ्या. अंगठ्याच्या रेषा नीट बघून घ्या. हा कागद तुम्हाला पुन्हा बहुधा कधीच दिसणार नाही.

कारण त्या काळातल्या साध्या हिंदी शिपायांची सेवापत्रकं लंडनच्या संग्रहातही सहसा सापडत नाहीत. अधिकाऱ्यांची सापडतात. पलटणीच्या रोजनिशीत मेलेल्या साहेबाचं नाव असतं, शिपायांचा आकडा. बसऱ्याच्या युद्धस्मारकावर चाळीस हजारांहून जास्त मृतांची नोंद आहे. त्यात गोऱ्या शिपायाचं नाव दगडावर आहे. हिंदी अधिकाऱ्याचंही आहे. हिंदी शिपाई मात्र पलटणीच्या नावाखाली नुसते संख्येत, त्यांची नावं वेगळ्या वहीत. युद्धस्मारकं सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाने २०२१ मध्ये या भेदभावाची जाहीर माफी मागितली. माफी मागायला शंभर वर्षं लागली. दगडावर नावं अजून चढायची आहेत.

तरी वाट बंद नाही, आणि ती इथंच, आपल्या दप्तरांतून जाते. पदकावरचा नंबर आणि पलटण हाताशी असली की नावाचं चुकलेलं स्पेलिंग आड येत नाही. युद्धात मेलेल्यांची यादी आयोगाकडे आहे, आणि तिथं पुष्कळदा बापाचं नाव, गाव, तालुकाही लिहिलेला असतो. कैद्यांच्या याद्या जिनिव्हाच्या रेडक्रॉसने खुल्या केल्या आहेत. जो जिवंत परतला त्याचा माग मात्र गावातच लागतो. वारसाच्या फेरफारात. कोतवाल ठेवायचा त्या जन्ममृत्यूच्या नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना नंबर १४ मध्ये. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत, जिथं आईबापांचं श्राद्ध घालायला गेलेल्या माणसाने आपलं कूळ लिहून दिलेलं असतं. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात. २०२३ पासून कुणबी नोंदींसाठी तहसील कचेऱ्यांतले मोडी रुमाल सोडले गेले. लाखो घरांनी पहिल्यांदाच आपल्या पणज्याचं नाव शाईत पाहिलं. दाखल्यासाठी सोडलेल्या त्या रुमालांत बसऱ्याला गेलेल्यांचाही माग लागू शकतो. फक्त तो कुणी शोधला नाही.

साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाने पहिल्या महायुद्धात ४६ माणसं गमावली आणि ती आठवण जपली. आपल्या कितीतरी गावांत मात्र चावडीला किंवा शाळेच्या भिंतीला सरकारने लावलेली संगमरवरी पाटी आहे : या गावातून इतकी माणसं १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गेली, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. एवढंच. पाटीवर चुना फासला जातो, कधी तिच्यापुढे सायकली लावतात.

मार्केट यार्डात पोती वाहणाऱ्या, हिशेब लिहिणाऱ्या, गाळा चालवणाऱ्या, आणि या बाजारावर वाढून आता दुसरीकडे नोकरी करणाऱ्या सगळ्यांना माझी विनंती आहे. गावच्या पेटीत असा बिल्ला असेल तर तो सोनाराकडे नेऊ नका. कडेवरचा नंबर वहीत उतरवून घ्या. घरात ऐंशी-नव्वदीचं कुणी माणूस असेल तर त्याला या आठवड्यातच विचारा आणि सांगेल ते रेकॉर्ड करा. आणि पुढच्या ग्रामसभेत एक ठराव मांडा : पाटीवर ज्या माणसांचा नुसता आकडा आहे, त्या सगळ्यांची, गेलेल्यांची आणि परत आलेल्यांचीही, पूर्ण नावं तिच्याखाली मराठीत लावायची. खर्च एका दगडाचा आहे.