देवळालीत उतरलेले अमेरिकन: एका चुकीची दुरुस्ती

(ध्वनिमुद्रित भागाचं लिखित रूप. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)

भाईंदर पूर्वेच्या केबिन रोडवरच्या आमच्या या छोट्या खोलीतून तुमचं स्वागत. मध्येच रिक्षाचा हॉर्न ऐकू आला तर सांभाळून घ्या, खिडकी बंद केली तरी तो आत येतोच.

आजचा भाग म्हणजे माझ्याच एका चुकीची दुरुस्ती आहे. मागे बोलताना मी ठासून म्हणालो होतो की देवळाली म्हणजे निव्वळ ब्रिटिशांची छावणी. दुसऱ्या दिवशी आमच्याच रस्त्यावर राहणारे एक काका भेटले. लहानपण देवळाली कॅम्पात गेलेलं. म्हणाले, "अरे, तू सांगितलंस ते अर्धंच आहे. आमचे वडील सांगायचे, लढाईच्या काळात तिथे अमेरिकन सोल्जरही होते." मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, काकांच्या वडिलांना गोरा दिसला की तो अमेरिकन वाटत असेल.

घरी येऊन वाचायला बसलो. काकांचे वडील बरोबर होते, मी चुकलो होतो.

गोष्ट सुरू होते ऑगस्ट १९४३ मध्ये, कॅनडातल्या क्वेबेक शहरात. रूझवेल्ट आणि चर्चिल यांची तिथे बैठक झाली. ब्रिटिश अधिकारी ऑर्ड विंगेट यांच्या 'चिंडिट' तुकड्यांनी त्याच वर्षी ब्रह्मदेशात जपानी फौजेच्या पाठीमागे घुसून लढून दाखवलं होतं. रस्ता नाही, मागून येणारी रसद नाही, जे काही मिळायचं ते विमानातून. ठरलं असं की अमेरिकेनेही अशी एक तुकडी उभी करायची.

धोक्याच्या मोहिमेसाठी स्वखुशीने येणारे हवेत, असं आवाहन निघालं. सुमारे तीन हजार जण जमले. काही अमेरिकेतले, काही कॅरिबियन भागातल्या तळांवरचे, काही दक्षिण पॅसिफिकच्या बेटांवर जपान्यांशी लढून आलेले. 'लर्लीन' नावाचं जहाज सप्टेंबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून निघालं, वाटेत आणखी माणसं घेतली, आणि ३१ ऑक्टोबर १९४३ ला मुंबई बंदराला लागलं.

मुंबईहून ही मंडळी रेल्वेने कसारा घाट चढून गेली ती थेट देवळालीला. आज आपण भाईंदरहून दादरला गाडी बदलून नाशिककडे जातो, त्याच घाटातून. देवळालीच्या ट्रान्झिट कॅम्पात त्यांचा मुक्काम तीनेक आठवडे होता. मग नोव्हेंबरमध्येच त्यांना बेतवा नदीकाठच्या देवगडला हलवलं. हे देवगड हापूसवालं नाही बरं का! आजच्या उत्तर प्रदेशातल्या ललितपूर जिल्ह्यातलं.

देवगडला खरं शिक्षण झालं. नदी ओलांडणं, खेचरावर ओझं लादणं, विमानातून पडलेला माल गोळा करणं, रात्री जंगलातून चालणं. रचनाही वेगळी होती. तीन बटालियन, आणि प्रत्येकीचे दोन भाग. त्या भागांना रंगांची नावं: लाल, पांढरा, निळा, हिरवा, खाकी, नारिंगी. प्रत्येक भागाने आपली शस्त्रं, आपली जनावरं, आपले डॉक्टर घेऊन स्वतंत्रपणे चालायचं. सोबत चौदा निसेई दुभाषे होते, म्हणजे जपानी आईबापांची अमेरिकेत जन्मलेली मुलं. त्याच वेळी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरची हजारो जपानी वंशाची कुटुंबं त्यांच्याच सरकारने छावण्यांत डांबली होती. हे विसरून चालणार नाही.

तुकडीचं कागदावरचं नाव होतं '५३०७ कॉम्पोझिट युनिट, प्रोव्हिजनल'. प्रोव्हिजनल म्हणजे तात्पुरती. हा शब्द लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं दुखणं त्यातच आहे. पुढे ब्रिगेडियर जनरल फ्रँक मेरिल प्रमुख झाले आणि वार्ताहरांनी नाव पाडलं 'मेरिल्स मरॉडर्स'.

फेब्रुवारी १९४४ मध्ये आसामातल्या लेडोहून ते पायी ब्रह्मदेशात शिरले. साधारण तीन महिन्यांचं काम, मग विश्रांती, अशी सैनिकांची समजूत होती. तीन महिने संपत आले तेव्हा माणसं आमांशाने, मलेरियाने आणि टायफसच्या तापाने खंगली होती. मेरिलना स्वतःला हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. न्हपुम गा नावाच्या टेकडीवर एक बटालियन मार्चअखेरपासून ९ एप्रिलपर्यंत वेढ्यात अडकून पडली होती. तरी जनरल स्टिलवेल यांचा हुकूम आला: कुमोन डोंगर ओलांडा आणि मिचिना घ्या.

त्यांनी ते केलं. कर्नल चार्ल्स हंटर यांच्या हाताखाली, चिनी सैनिक आणि स्थानिक काचिन लोकांच्या साथीने, १७ मे १९४४ ला मिचिनाचा विमानतळ घेतला. पण शहर पडायला ३ ऑगस्ट उजाडला. तोवर मूळ तीन हजारांतले लढण्याजोगे उरले होते दोनशेच्या आसपास. १० ऑगस्टला तुकडीच मोडीत काढली.

आता तो शब्द आठवा. तात्पुरती. जिला जुनी रेजिमेंट नाही, स्वतःचा झेंडा नाही, तिच्या माणसांसाठी वर भांडणारंही कोणी नसतं. शिक्षण उत्तम होतं, रचना हुशारीची होती. पण माणूस थकला की त्याच्या जागी कोण येणार, याचं उत्तर कोणी वेळेत तयार ठेवलं नव्हतं. माझ्या मते जपानी गोळीइतकंच या हिशेबाने त्यांना संपवलं.

आणि योगायोग बघा. इंग्रजीत डोकं फिरलेल्या माणसाला 'डूलॅली' म्हणतात, तो शब्द आपल्या देवळालीवरून आलाय. पूर्वी नोकरी संपलेले ब्रिटिश सोल्जर मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत तिथे महिनोन्‌महिने पडून असायचे. 'देवळाली टॅप' असंही म्हणायचे, आणि त्यातला टॅप म्हणजे आपला ताप. घरी जायच्या आशेवर माणसाला ताटकळत ठेवलं की काय होतं, हे त्या गावाच्या नावातच लिहिलेलं होतं. या अमेरिकनांनी तिथे तळ ठोकला तेव्हा आपल्याही नशिबी तेच आहे, हे त्यांना कुठून कळावं?

२०२० मध्ये अमेरिकेने या तुकडीला काँग्रेसचं सुवर्णपदक देण्याचा कायदा केला. तेव्हा त्यातले हयात होते अगदी मोजके.

काल काकांकडे जाऊन म्हटलं, "काका, तुमचे वडील बरोबर होते. माझंच चुकलं." ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे ऐकायला ते हवे होते रे."

तेव्हा मंडळी, घरातल्या म्हाताऱ्या माणसाने असं काही सांगितलं तर माझ्यासारखी नुसती मान डोलावू नका. कुठे आणि कधी, एवढं तरी विचारून घ्या. भेटू पुढच्या भागात.